सतरा मिनिटं

आकडे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. युता ताबुसे, एनबीए: सामने ४. मिनिटं १७. रिंगवर फेकी ६, आत गेली १. फ्री थ्रो चारपैकी चार. एकूण गुण ७, आणि ते सातही पहिल्याच रात्री मिळवलेले. पुढच्या तीन सामन्यांत गुणांच्या रकान्यात काही नाही.

जगातल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये जपानहून जाऊन खेळलेल्या पहिल्या माणसाचा हा सगळा जमाखर्च. एका ओळीत मावतो. पण त्या १७ मिनिटांच्या आधी हा माणूस किती धावला आणि नंतर वीस वर्षं कसा खेळत राहिला, ते पाहू लागलं की ओळ पुरत नाही. म्हणून ही टिपणं.

*

३ नोव्हेंबर २००४. फिनिक्स, ॲरिझोना. हंगामातला पहिला सामना, फिनिक्स सन्स विरुद्ध अटलांटा हॉक्स. ताबुसे २४ वर्षांचा, अंगात १ क्रमांकाचा शर्ट. सन्सनी मोठ्या फरकानं जिंकलेल्या या सामन्यात त्याला १० मिनिटं मिळाली. एक थ्री पॉइंटर, चार फ्री थ्रो.

दहा मिनिटं म्हणजे किती, हे राखीव बाकावर बसलेल्यालाच कळतं. प्रशिक्षकाची मान आपल्याकडे वळते का, याकडे डोळे लावून बसायचं. अंग गार पडू द्यायचं नाही. नाव पुकारलं की पहिल्या पावलापासून पूर्ण वेगात असायचं. बाकीचे नऊजण तोवर घामानं भिजलेले असतात, त्यांचा खेळ रंगात आलेला असतो, आणि आपण मात्र कोरडे.

१८ डिसेंबरला संघानं त्याला मोकळं केलं. पहिल्या सामन्यापासून पंचेचाळीस दिवसांनी.

*

उंची १७३ सेंटिमीटर. आपल्याकडच्या कॉलेजच्या संघातही एवढ्या उंचीच्या पोराला ‘तू गार्ड खेळ’ म्हणतील. एनबीएत त्याच्यासमोर उभे राहणारे गार्डसुद्धा त्याच्याहून वीतभर उंच. रिंग सगळ्यांसाठी ३.०५ मीटरवर.

बुटक्या खेळाडूला वरची हवा मिळत नाही, म्हणून तो जमिनीलगतची जागा आपलीशी करतो. चेंडू गुडघ्याच्या खाली टप्पे घेत ठेवला तर उंच माणसाला तिथवर वाकायला वेळ लागतो. त्या वेळात दोन पावलं निघून जातात. ताबुसेचा सगळा खेळ या दोन पावलांतला. एकीकडे नजर आणि दुसरीकडे पास, धावता धावता पाठीमागून सोडलेला चेंडू, आणि ज्याला तो मिळायचा तो नेमका तिथे पोचलेला. पॉइंट गार्डचं कामच हे: चौघांच्या जागा डोक्यात ठेवायच्या आणि पाचवा म्हणून आपण त्यांच्या कामी यायचं.

लहानपणी त्याचा आदर्श होता मॅजिक जॉन्सन. तोही पॉइंट गार्ड, उंची २०६ सेंटिमीटर. योकोहामातल्या त्या पोरानं मॅजिकचे पास घेतले, उंची ठेवून दिली.

*

नोशिरो. जपानच्या उत्तरेकडे, अकिता प्रांतात, जपानच्या समुद्राकाठचं छोटं शहर. अकितातल्या सुगी या जपानी देवदाराच्या लाकडाच्या वखारींसाठी एकेकाळी प्रसिद्ध. समुद्रावरून येणारा वारा इतका जोराचा की उडणारी वाळू अडवायला गावाच्या कडेनं पाइनचं लांबलचक रान लावलेलं. हिवाळ्यात बर्फ. बाहेर खेळायला महिनोन्‌महिने जागा नाही; उरतं ते शाळेचं बंदिस्त मैदान आणि लाकडी जमिनीवर चेंडूचा आवाज.

इथल्या नोशिरो तांत्रिक विद्यालयात १९६० साली हिरोशी कातो हे प्रशिक्षक आले. हाताशी होती ती गावातलीच पोरं, फारशी उंची नसलेली. त्यांनी ठरवलं की आपण पळायचं. समोरच्यानं चेंडू आत टाकल्या क्षणापासून अख्ख्या कोर्टभर प्रेस लावायचा, चेंडू हिसकावायचा, आणि उंच गडी मागं वळेपर्यंत लेअप करून मोकळं व्हायचं. असं चाळीस मिनिटं करायचं तर छातीचा भाता तसाच हवा. म्हणून सराव अंगमोड करणारा. पुढे या शाळेनं ५८ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. प्रेक्षकांत तिचा फलक लागायचा, त्यावर चारच अक्षरं. अर्थ असा: जिंकायचंच, हरायचं नाही.

१९९६ च्या एप्रिलमध्ये योकोहामाचा पंधरा वर्षांचा ताबुसे घर सोडून इथे आला.

*

जपानमधल्या शाळकरी बास्केटबॉलची वर्षातली तीन मोठी शिखरं: उन्हाळ्यात आंतरशालेय स्पर्धा, शरदात राष्ट्रीय क्रीडा महोत्सव, वर्षअखेरीला हिवाळी स्पर्धा. विद्यालय तीन वर्षांचं. म्हणजे एका मुलाला जास्तीत जास्त नऊ विजेतेपदं मिळू शकतात.

ताबुसेच्या नोशिरोनं नऊच्या नऊ जिंकली. १९९६, ९७, ९८. पहिल्या वर्षापासून तो मुख्य पाचांत. शाळेचे सामने पाहायला टोकियोतलं मोठं क्रीडागृह भरू लागलं.

अठराव्या वर्षी सगळं जिंकून झालेल्या मुलाचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला कायम अस्वस्थ करतो. आपल्याकडेही बोर्डात पहिली आलेली मुलं पाहिली आहेत. पहिलेपणाची सवय लागली की दुसऱ्या रांगेत बसायला माणूस तयार होत नाही. ताबुसे तयार झाला. त्याच्या कारकिर्दीतली मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट ही, त्या नऊ करंडकांपेक्षाही.

*

‘स्लॅम डंक’. ताकेहिको इनोउए यांची बास्केटबॉलवरची चित्रमालिका. १९९० ते १९९६ या काळात साप्ताहिकात क्रमशः आली, पुस्तकरूपात ३१ खंड झाले, १० कोटींहून अधिक प्रती खपल्या. जपानमधल्या एका अख्ख्या पिढीनं या पानांमुळे हातात चेंडू घेतला.

मालिकेच्या शेवटच्या सामन्यात नायकाचा नवखा संघ ‘सान्नो’ नावाच्या अजिंक्य तांत्रिक विद्यालयाला एका गुणानं हरवतो, ७९–७८. हे सान्नो म्हणजे नोशिरोच, असं जपानी वाचक मानत आले आहेत. मालिका संपली १९९६ च्या उन्हाळ्यात. त्याच उन्हाळ्यात खऱ्या शाळेत ताबुसे आपली पहिली आंतरशालेय स्पर्धा खेळत होता. कागदावरची शाळा हरली, आणि मैदानावरची तिथून तीन वर्षं सगळं जिंकत गेली.

आणखी एक जुळणी. २००४ च्या डिसेंबरमध्ये, १० कोटी प्रतींबद्दल वाचकांचे आभार मानायला इनोउए यांनी कानागावा प्रांतातल्या एका बंद पडलेल्या शाळेत २३ फळ्यांवर खडूनं कथेच्या दहा दिवसांनंतरची चित्रं काढली. ३ ते ५ डिसेंबर, तीन दिवस लोकांनी ती पाहिली. कानागावा म्हणजे ताबुसेचाच प्रांत. तो तेव्हा फिनिक्समध्ये शेवटचे दोन आठवडे बाकावर बसत होता. खडूची चित्रं पुसली गेली. पाहिलेल्यांना ती अजून आठवतात.

*

नोशिरोनंतर हवाई. ओआहू बेटावर लाइए इथे ब्रिगम यंग विद्यापीठाची शाखा आहे, तिच्या संघात. अमेरिकी विद्यापीठांच्या खेळात ही दुसऱ्या श्रेणीची जागा. भाषा नवी, पाठीचं दुखणं मागे लागलेलं, मैदानापेक्षा बाहेरच वेळ जास्त. २००२ साली शिक्षण अर्धवट सोडून तो जपानला परतला.

वयाच्या एकविसाव्या वर्षी लोक म्हणू शकत होते की पोरगा शाळेतच संपला.

*

जपानमधल्या कंपनी-संघांची रीत समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. टोयोटा, आयसिन, तोशिबा, हिताची अशा मोठ्या कंपन्यांचे आपापले संघ असत. बरेचसे खेळाडू कंपनीच्या पगारपत्रकावर. खेळ संपला की तिथेच नोकरी पुढे चालू. आपल्याकडे रेल्वे, बँका, पोलीस खेळाडूंना नोकरीवर घेतात तसंच काहीसं. घरचे निश्चिंत असतात. म्हातारपणाची सोय होते.

ताबुसे २००२-०३ चा हंगाम टोयोटाच्या संघाकडून खेळला. एकच हंगाम. मग सगळं सोडून पुन्हा अमेरिकेला गेला, कुठल्याही कराराशिवाय, चाचण्या द्यायला.

*

चाचण्यांची यादी अशीच खाली लिहितो, कारण तिच्यातच सगळं आहे.

२००३, डेन्व्हर नगेट्सचं सराव शिबिर. हंगाम सुरू होण्याआधी वगळलं.
२००३-०४, लाँग बीच जॅम, एबीए नावाची छोटी लीग. संघात उतारवयातला डेनिस रॉडमन. संघानं लीग जिंकली.
२००४, फिनिक्स सन्स. निवड. १७ मिनिटं. वगळलं.
२००५, लॉस एंजेलिस क्लिपर्सचं शिबिर. हंगामाआधी वगळलं.
पुढे एनबीएची विकास लीग: आल्बुकर्की, बेकर्सफील्ड, ॲनाहाइम.

विकास लीग म्हणजे पगार तुटपुंजा, पहाटेची विमानं, लांबचे बसप्रवास, अर्ध्या रिकाम्या खुर्च्या. संघातला प्रत्येकजण वरून येणाऱ्या एका फोनची वाट पाहणारा, त्यामुळे पास द्यायला कुणाचा हात सहसा उचलत नाही. जो तो स्वतःचे गुण वाढवायच्या मागे. अशा ठिकाणी पास देणाऱ्या गार्डनं कसं खेळायचं? ताबुसे पास देत राहिला. फोन आला नाही.

*

फिनिक्समधल्या त्या वर्षात एक विचित्र योग होता. प्रशिक्षक माइक डी’अँटोनी यांनी सन्सना जमेल तितक्या लवकर, समोरचा बचाव उभा राहण्याआधीच फेक करायला शिकवलं होतं. सगळी लीग या पळापळीकडे पाहत राहिली. संघानं ८२ पैकी ६२ सामने जिंकले. म्हणजे नोशिरोतली पळण्याची विद्याच ताबुसेला तिथे भेटली होती, जगातल्या उत्तम खेळाडूंच्या पायांत.

फक्त त्याच्या जागेवर स्टीव्ह नॅश होता. त्या हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला नॅश. शिकायला याहून चांगली जागा नाही, आणि खेळायला मिळण्याची आशा याहून कमी कुठे नाही.

*

मिसाका यांच्याबद्दल लिहायलाच हवं.

वातारू मिसाका, जन्म १९२३, ऑग्डेन, युटा. जपानहून अमेरिकेत स्थायिक झालेल्या आईवडिलांचा मुलगा. उंची १७० च्या आसपास. युटा विद्यापीठाच्या संघातून १९४४ साली राष्ट्रीय विजेतेपद. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत अमेरिकेनं जपानी वंशाच्या लाखभर माणसांना छावण्यांत डांबलं होतं, आणि हा मुलगा अमेरिकी प्रेक्षकांसमोर खेळत होता. नंतर सैन्यात गेले. अणुबाँबनं झालेल्या नुकसानाची पाहणी करणाऱ्या पथकातून हिरोशिमाला पाठवले गेले. आपल्या आईवडिलांच्या देशात, अमेरिकी गणवेशात.

१९४७ साली न्यूयॉर्क निक्सनी त्यांना घेतलं. ज्या लीगची पुढे एनबीए झाली तिच्यातले ते पहिले गोरेतर खेळाडू. तीन सामने खेळले आणि त्यांना वगळलं. ते युटाला परतले, इंजिनिअर झाले, २०१९ साली ९५ व्या वर्षी गेले.

त्या तीन सामन्यांतले त्यांचे गुण: ७.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी दोन्ही आकडे परत परत तपासले. सत्तावन्न वर्षांच्या अंतरानं, मिसाका ७, ताबुसे ७. यात काही गूढ नाही, योगायोगच आहे. तरी वहीत दोघांची नावं शेजारी शेजारी लिहिल्यावर बरं वाटलं.

*

याहून जुनं एक नाव. डिसेंबर १८९१, स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स. जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेत पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि वर्गातल्या अठराजणांना नऊ-नऊ करून खेळायला लावलं. बास्केटबॉलचा तो जगातला पहिला सामना. त्या अठरांत गेन्झाबुरो इशिकावा नावाचा एक जपानी विद्यार्थी होता. सामन्याचं त्यानं काढलेलं चित्रही राहिलं आहे.

म्हणजे खेळ जन्मला त्या खोलीत जपानी माणूस हजर होता. तिथून एनबीएच्या कोर्टवर पाय ठेवायला ११३ वर्षं लागली.

*

आपला संदर्भ, थोडक्यात. २०१५ साली पंजाबच्या सतनाम सिंगला डॅलस मॅव्हरिक्सनं निवडलं. एनबीएच्या निवडीत नाव पुकारलं गेलेला तो पहिला भारतीय. उंची २१८ सेंटिमीटर. एनबीएत त्याला एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. १७ मिनिटांचं वजन किती, हे यावरून कळतं. उंचीनं ती मिळत नाहीत, आणि नुसत्या मेहनतीनंही नाही. वेळ, जागा, संघाची गरज, शरीराची साथ हे सगळं एका दिवशी एकत्र यावं लागतं.

*

२००८. ताबुसे जपानला परतला, तोचिगी प्रांतातल्या उत्सुनोमिया शहरात. टोकियोच्या उत्तरेला, ग्योझा नावाच्या पदार्थासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथे ब्रेक्स नावाचा क्लब नुकताच उभा राहिला होता. हा कंपनीचा संघ नव्हता. शहराच्या लोकांवर उभा राहिलेला. ताबुसेनं पाठीवर ० क्रमांक घेतला.

दुसऱ्याच हंगामात, २०१० साली, ब्रेक्सनी आयसिनच्या जुन्या, बलाढ्य संघाला हरवून देशाचं विजेतेपद मिळवलं.

तेव्हापासून तो तिथेच आहे. क्लबाचं नाव बदललं, मालक बदलले, प्रशिक्षक बदलले. ० क्रमांक तोच.

*

जपानी बास्केटबॉलची घडी मात्र विस्कटलेली होती. देशात दोन वेगवेगळ्या लीग, दोन्ही एकमेकींशी बोलायला तयार नाहीत. शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक महासंघानं जपानलाच निलंबित केलं. फुटबॉलची जे. लीग उभी करणारे साबुरो कावाबुची यांना मध्ये पाडलं गेलं. ते बास्केटबॉलचे नव्हते, म्हणूनच त्यांना दोन्ही बाजूंना खडसावता आलं. दोन्ही लीग एक झाल्या, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये टोकियोतल्या योयोगी क्रीडागृहात बी. लीगचा पहिला चेंडू उडाला.

पहिल्या हंगामाचा अंतिम सामना मे २०१७ मध्ये, त्याच क्रीडागृहात. ब्रेक्स विरुद्ध मिकावा, म्हणजे पूर्वीचं आयसिनच. ब्रेक्स ८५, मिकावा ७९. कर्णधार ताबुसे, वय ३६.

शाळेत जिंकलेली नऊ विजेतेपदं एकीकडे ठेवली तरी या एका विजयाचं मोल मला वेगळं वाटतं. जो देश सोडून तो परदेशात दारोदार फिरला, त्या देशाच्या एकत्र झालेल्या लीगचा पहिला करंडक त्यानं उचलला.

*

पायवाटेबद्दल. एक माणूस गवतातून गेला की वाट पडत नाही. गवत थोडं वाकतं आणि चार दिवसांत पुन्हा उभं राहतं. ताबुसेनंतर चौदा वर्षं एनबीएत एकही जपानी खेळाडू गेला नाही.

मग २७ ऑक्टोबर २०१८. मेम्फिस ग्रिझलीजकडून युता वातानाबे कोर्टवर उतरला. नावही युता. समोरचा संघ: फिनिक्स सन्स.

२०१९ मध्ये रुई हाचिमुरा वॉशिंग्टनच्या संघानं नवव्या क्रमांकावर निवडला. २०२४ मध्ये युकी कावामुरा, पुन्हा मेम्फिसकडून. पॉइंट गार्ड, उंची १७२. ताबुसेपेक्षाही एक सेंटिमीटर कमी.

फिनिक्समधल्या त्या रात्री वातानाबे दहा वर्षांचा होता, हाचिमुरा सहा, कावामुरा तीन. आता वाट दिसू लागली आहे.

*

‘पहिला’ या शब्दाचा मला धाक वाटतो. पहिल्याकडून आपण फार मागतो: त्यानं गाजवावं, टिकावं, पुढच्यांना हात द्यावा. ताबुसेला गाजवता आलं नाही, टिकताही आलं नाही. त्यानं जाऊन दाखवलं, आणि परत येऊन त्याच जिद्दीनं घरच्या लोकांसमोर खेळला. ‘अमेरिकेत जमलं नाही म्हणून आला’ असं बोलणारे कुठल्याही गावात असतात. त्यांना उत्तर द्यायला त्यानं रोजचा सराव निवडला.

*

मे २०२५. उत्सुनोमिया ब्रेक्स तिसऱ्यांदा बी. लीगचे विजेते; अंतिम फेरीत ओकिनावाच्या ऱ्यूक्यू संघावर दोन विरुद्ध एक अशी मात. त्याच हंगामात, फेब्रुवारीत, त्यांचे प्रशिक्षक केव्हिन ब्रॅसवेल वारले होते. संघ ते दुःख घेऊन खेळला आणि जिंकला.

संघाच्या यादीत ताबुसेचं नाव होतं. वय ४४. आता मैदानावर तो क्वचितच उतरतो. बहुतेक वेळ बाकावर असतो, ज्या जागेची त्याला फिनिक्सपासून ओळख आहे. ब्रेक्सची काही पोरं तो एनबीएत खेळला तेव्हा बालवाडीत होती. सरावाला ती आणि तो एकाच वेळी बूट बांधतात.

*

पहिल्या पानावरचे आकडे पुन्हा पाहिले. सहांतली एक फेक आत गेली, याकडे आधी लक्ष गेलं होतं. आज नजर चारपैकी चार फ्री थ्रोवर थांबली.

फ्री थ्रोच्या वेळी सगळे जागच्या जागी उभे राहतात. कुणी अंगावर येत नाही, कुणाचा हात वर येत नाही. फळ्यापासून साडेचार मीटरवर एक रेघ, तिच्यामागे एकटा माणूस आणि चेंडू. अख्ख्या खेळात उंचीचा हिशेब थांबतो तो एवढाच वेळ. उरतो तो सराव: नोशिरोतल्या बर्फाच्या दिवसांचा, लाइएचा, टोयोटाचा, लाँग बीचचा.

चार वेळा तो त्या रेघेमागे उभा राहिला. चारही आत.